खिडकीतलं बोळकं

वाटी आधी आत आली, बाई मागून. दाराचा छिटाचा पडदा एका बाजूनं हलला, निळ्या कडेची चिनीमातीची वाटी धरलेला हात दिसला, आणि झोळीची दोरी ओढता ओढता उर्मिलेचा हात जागच्या जागी थांबला. दुपारचे अडीच वाजले होते. हेरंब नुकता कुठं डोळा लावून पडला होता. अकरा महिन्यांचं पोर. ते झोपलं की उर्मिला त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का बघायची, आणि लागला तरी दोन मिनिटांनी पुन्हा बघायची. वाटीकडे बघताना तिला वाटलं, आपलाच श्वास कुणीतरी बोट धरून बघतंय. कारण हात तिनं ओळखला होता. समोरच्या चाळीत राहणाऱ्या राजलक्ष्मीकाकूंचा हात. कमलाकांत विजयकरांच्या बायकोचा.

‘‘चमचाभर विरजण देशील का गं, उर्मिला?’’ काकू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

मग पडद्याशी उभ्या राहून त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. साहेबांच्या पोटात अल्सर निघालाय, डॉक्टरांनी तिखट, चहा, आमटी सगळं तोडलंय, सकाळ-संध्याकाळ ताकभात. कोपऱ्यावरच्या डेअरीतलं दही आणलं तर ते दुसऱ्याच घटकेला आंबट होतं आणि साहेब रात्रभर पोट धरून बसतात. वाडीत आता विरजण लावतंय कोण, सगळ्यांकडे बाटलीतलं दूध आणि डेअरीतलं दही. तुझ्याकडे मात्र अण्णांचं असणार, म्हणून आले. तुझ्या अण्णांचंच ताक त्यांना सोसायचं. आणि जाता जाता, वाटीवरून बोट फिरवत, त्या म्हणाल्या की ते तेव्हाचं नोकरीतलं होतं गं, मनात ठेवू नकोस.

उर्मिला म्हणाली, उद्या सकाळी या. वाटी घेऊन जा, बोळक्यातून देईन. अण्णा म्हणतात, विरजण मातीतच राहतं.

हे बोलताना तिचा आवाज इतका साधा आला की तिची तिलाच भीती वाटली. काकू गेल्या. पडदा पुन्हा सरळ झाला. उर्मिला झोळीची दोरी ओढू लागली आणि तिच्या लक्षात आलं की आपण दात इतके घट्ट आवळलेत की कानाखाली दुखायला लागलंय. मनात ठेवू नकोस. मनात ठेवायचं नाही तर कुठं ठेवायचं? दुकान तर उरलं नव्हतं.

अण्णांचं दुकान फणसवाडीच्या तोंडाशी होतं. नाव नुसतं ‘दुग्धालय’, कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. गंगाधर लेले, म्हणजे अण्णा, उर्मिलेचे वडील, पहाटे भट्टीवर दूध आटवायचे आणि उभ्या गाडग्यांच्या रांगेत विरजण घालत जायचे, एकेका गाडग्यावर वाकून, कानात काही सांगावं तसे. ते विरजण चाळीस वर्षांचं. अण्णांची आई गुहागरहून बोटीनं आली तेव्हा धुवट फडकं दह्यात भिजवून, वाळवून, पदरात बांधून घेऊन आली होती. मुंबईत उतरल्यावर ते फडकं कोमट दुधात बुडवलं, आणि त्या दिवसापासून रोज कालच्या दह्यातून आजचं लागत आलं. उर्मिला लहानपणी विचारायची, अण्णा, म्हणजे आपण आजीचंच दही खातो? अण्णा हसून म्हणायचे, हो, आणि आजी तिच्या आजीचं खात होती. कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला प्राध्यापक नदी तीच की वेगळी यावर बोलत होते, तेव्हा उर्मिलेला नदी दिसलीच नव्हती, गाडग्यांची रांग दिसली होती. दुकानाच्या संगमरवरी फळीवर पुस्तक ठेवून ती बी.ए.चा अभ्यास करायची. मधल्या सुट्टीत पालिकेच्या शाळेतून पत्र्याची बरणी यायची, पोरांचं ताक न्यायला. दवाखान्यातून यायची, तापातून उठलेल्या माणसांसाठी. पालिकेचं ते बांधलेलं काम होतं, गाळाही पालिकेचाच, कमी भाड्याचा, खाद्यपदार्थ करणाऱ्या लहान माणसांसाठी राखलेला. कधी भिंतीचा गिलावा पडला तर जुने इन्स्पेक्टर यायचे, पियुषाचा पेला रिकामा करायचे आणि म्हणायचे, गंगाधरपंत, दिवाळीपर्यंत चुना मारून घ्या. दिवाळीपर्यंत चुना लागायचा.

मग त्या इन्स्पेक्टरांच्या जागी विजयकर आले. वाडीतलाच माणूस, जुन्या घराण्यातला, पांढरी पँट, पायात चकचकीत बूट. त्यांना पियुष चालायचं नाही. आधी शाळेची बरणी थांबली, काम एका मोठ्या ठेकेदाराकडे गेलं. मग दवाखान्याची. मग इंग्रजीत नोटीस आली: सात फुटांपर्यंत भिंतीला फरशा, धातूची भांडी, वेगळी मोरी, मातीचं भांडं एकही नको. पलीकडे बकुळाबाईंची खाणावळ होती, विधवा बाई वीस गिरणी कारकुनांना जेवू घालायची, तिलाही आली. चुरमुऱ्याच्या भट्टीवाल्याला आली. ते दोघं हात जोडून गेले आणि दोन-दोन महिने मागून आले, आणि दोन महिन्यांनी गेलेच. अण्णांनी मात्र नोटीस उर्मिलेपुढे ठेवली. घरात इंग्रजी वाचणारी तीच.

इथं आलं की उर्मिलेचं मन वाट सोडायचं. पोराचं दुपटं बदल, दूध उतू जातंय का बघ, सासूबाईंनी हाक मारली का ऐक. पण सत्तावन्नच्या मे महिन्यातली ती दुपार कुठंही जात नव्हती. कारण नोटिशीचं उत्तर तिनं लिहिलं होतं. हात जोडून लिहायच्याऐवजी चांगलं ताठ, परीक्षेतल्या उत्तरासारखं. मातीच्या भांड्यात दही का लागतं याची कारणं, आणि शेवटी एक वाक्य, ज्यावर ती स्वतःच खूष होती, की ही मागणी ‘आर्बिट्ररी’ आहे. अण्णांनी विचारलं होतं, याचा अर्थ काय? ती म्हणाली होती, मनमानी. अण्णा म्हणाले होते, जरा सौम्य शब्द नाही का गं? नाही, ती म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी विजयकर दोन माणसं घेऊन आले, गल्लीत उभे राहिले आणि तो अर्ज मोठ्यानं वाचू लागले. ‘आर्बिट्ररी’ या शब्दावर थांबले, तो दोनदा वाचला, हसले, आणि माणसांना म्हणाले, ओता. अकरा गाडगी. लागलेलं दही सरळ पडत नाही, आधी तुकडा घसरतो, मग गडगडतो. ते पांढरं गटारातून वाहत बकुळाबाईंच्या दारापर्यंत गेलं. रिकामी गाडगी फोडली. अण्णा त्या पांढऱ्यात अनवाणी उभे होते आणि त्यांचं ओठातल्या ओठात चाललं होतं, सावकाश हो, सावकाश. जणू गाडग्यांनाच लागेल.

तेव्हापासून मुंबईत काय काय होऊन गेलं. मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले, वाडीतल्या भिंतीवर ‘मुंबई आमची’ असं डांबरानं लिहिलं गेलं, आणि येत्या एक मेला नवं राज्य येणार म्हणून चाळीच्या कठड्यांना पताका लागत होत्या. वाडीच्या समारंभाचे अध्यक्ष कमलाकांत विजयकर. रिटायर झाल्यापासून ते सभांतून फार चांगलं मराठी बोलायचे. मुंबई आमची, हे ऐकलं की उर्मिलेला आमची म्हणजे कुणाची ते विचारावंसं वाटे. विचारायला तिला मुळी वेळ नव्हता. गाळा गेला तेव्हा वरचा पोटमाळाही गेला, अण्णा तिथंच राहत. तिचं लग्न झाल्यावर ते काही दिवस भावाकडे कल्याणला राहिले आणि मग इथंच आले, मुलीच्या सासरी. वर्षातून एकदा मानानं जेवायला यावं असा व्याही आता गॅलरीतल्या स्टुलावर बसून असायचा, आणि पाणी प्यायचं तरी खाकरून विचारायचा. सासूबाई, रमाबाई, वाईट नव्हत्या. त्या फक्त रोज म्हणायच्या, गंगाधरपंत, तुम्ही संकोच करू नका हो. रोज म्हणायच्या, त्यामुळे संकोच रोज नवा व्हायचा. जगदीश, तिचा नवरा, विमा कंपनीत कारकून. तो संध्याकाळी येऊन अण्णांशी बुद्धिबळ खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. ते अण्णांना कळायचं.

दुकानातून दोनच गोष्टी आल्या होत्या. टोपलीभर लहान बोळकी, जी फोडायची राहिली, आणि विरजण. ते रोज रात्री उर्मिला लावायची. सासूबाई म्हणायच्या, हिच्या माहेरचा आहेर आहे हो, मोडायचा नाही.

त्या रात्री, म्हणजे काकू वाटी घेऊन आल्या त्या दिवशी, उर्मिलेनं दोन बोळक्यांत विरजण काढलं. एक फळीवर ठेवलं. दुसरं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरलं आणि बघत उभी राहिली. आधी कडेनं पाणी सुटलं, मग मधोमध एक भेग गेली, मग सगळं कणीकणी झालं. तिनं ते उतरवून गार केलं आणि चमच्यानं घोटलं, घोटलं, पुन्हा सायीसारखं दिसेपर्यंत. चव तीच, वास जरासा शिजलेला. आत काही उरलेलं नाही. मुलासाठी बाटल्या उकळायला दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं, उकळलं की सगळं मरतं, म्हणून. ती भीतीपोटी दिवसातून चारदा बाटल्या उकळायची. आता तीच गोष्ट हातात घेताना भीती नव्हती. हात किती स्थिर आहे याचंच तिला नवल वाटलं.

सकाळी ते बोळकं तिनं खिडकीत ठेवलं. काकू आल्या, घेऊन गेल्या. गल्ली ओलांडून त्या पदराखाली बोळकं धरून जाताना उर्मिला वरून बघत राहिली. मातीचं भांडं एकही नको, असं लिहिणाऱ्याच्या घरात मातीचं भांडं चाललं होतं.

दही अर्थात लागलं नाही. तिसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या. दूध गरम झालं असेल, उर्मिला म्हणाली. पुन्हा दिलं. पुन्हा नाही. दूध गार झालं असेल. तीन आठवडे असं चाललं. खिडकीतलं बोळकं काकूंचं, फळीवरचं आपलं, हे रमाबाईंनासुद्धा पाठ झालं. समोरच्या गॅलरीत विजयकर संध्याकाळी बसत, एक हात पोटावर. त्यांची मान कॉलरमध्ये सैल दिसू लागली. उर्मिला हेरंबला कडेवर घेऊन चिऊ दाखवायची आणि चिऊच्या पलीकडे त्यांना बघायची. आज हात किती वेळ पोटावर आहे. आज उठताना खुर्ची धरली. बारीक लक्ष द्यायची तिला सवयच होती, पोराच्या शी-शूपासून सगळ्यावर, आणि तीच सवय आता इतक्या सुखानं कामाला लागली होती की जेवताना तिला घास गोड लागे. रात्री मात्र कधी हेरंब कळवळून रडला, पोटात वारा धरला, की त्याच्या पोटावर ओव्याचा शेक देताना तिच्या मनात यायचं, हे तिकडचं इकडे तर आलं नसेल? मग ती मनातल्या मनात कुणाला तरी सांगायची, माझं माझ्याकडे, याच्याकडे नाही.

काकूंचा हिशेब तिनं धरलाच नव्हता. एकदा काकू बोळकं घ्यायला आल्या आणि दाराशी नुसत्याच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझा हात गेला बहुतेक. चाळीस वर्षं संसार केला, कधी दही बिघडलं नाही. आता माझ्या हाताला काही लागतच नाही गं.’’

आणि हात पुढे करून त्यांनी तो उलटसुलट करून दाखवला, जणू उर्मिला वैद्य होती. बांगडीखालची कातडी सुरकुतलेली, अंगठ्याला चिरलेल्या भाजीची काळी रेघ. उर्मिलेनं त्या हातात बोळकं ठेवलं. आत मेलेलंच होतं. ते ठेवताना तिला काही वाटलं, नाही असं नाही. पण ते वाटणं तिनं दुसऱ्या खोलीत नेऊन कडी घातली.

त्याच आठवड्यात अण्णांना पत्र आलं. या वेळी मराठीत. नव्या मंडईत स्थानिक लहान खाद्यविक्रेत्यांना ओटे द्यायचं ठरलंय, अर्जदारांनी गुरुवारी अकरा वाजता आपल्या पदार्थाचा नमुना घेऊन वॉर्ड ऑफिसात हजर राहावं. यानंतर अर्ज घेतले जाणार नाहीत. अण्णांनी पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि उर्मिलेला म्हणाले, या वेळी उत्तर नको हां लिहू. ते चेष्टेनं म्हणाले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला, आणि तोही हसून. उर्मिला स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडून उभी राहिली. बाहेर अण्णा रमाबाईंना सांगत होते की गाडगं मध्यम घ्यायचं, बुधवारी रात्री लावायचं, गुरुवारी सकाळी सुरीनं कापता आलं पाहिजे. आणि विहीणबाई, उन्हाळा आहे, पहाटेच गार पाण्यात ठेवलं पाहिजे. संकोच न करता ते इतकं कधी बोलले नव्हते.

मंगळवारी सकाळी काकूंचं बोळकं तापवायचं होतं. उर्मिलेनं ते पातेल्यातून चिमट्यानं उचललं, वाफ येत होती, आणि तेवढ्यात मागं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. हेरंब खिडकीखालच्या पेटीला धरून उभा राहिला होता. पहिल्यांदा, कुणाचाही हात न मागता. खिडकीच्या कडेशी त्याची बोटं पोचली होती. तिथं रोज बोळकं असतं. तिच्या डोळ्यांपुढे एकदम ती बोटं, ते तापलेलं मडकं, ते उलटणं, ती कातडी सगळं झालं, जे झालंच नव्हतं. तिनं हातातलं गरम बोळकं लांब, उंच, फळीवर टाकल्यासारखं ठेवलं आणि फळीवरचं गार बोळकं हाताशी आलं ते काढून खिडकीत सारलं, पोराला उचललं, त्याची दहाही बोटं तोंडाशी धरली. तो हसत होता. उभा राहिला ना, म्हणून. ती रडायला लागली. मग त्याला घेऊन सगळ्यांना दाखवायला गॅलरीत गेली, अण्णा टाळ्या वाजवू लागले, तो पुन्हा उभा राहिला, पडला, आणि संध्याकाळी त्याला जरासा ताप वाटला म्हणून ती दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसली. काही नव्हतं. दात येत होता.

बुधवारी सकाळी पातेल्यावरचं झाकण काढलं तर आत दूध होतं. नुसतं दूध, वर पिवळट साय, हलवलं की हललं. उर्मिलेनं चमचा घातला. चमचा तळाला लागला.

सासूबाई म्हणाल्या, काल तू दवाखान्यात होतीस ना, म्हणून मीच लावलं. फळीवरचं घेतलं, तुझं रोजचं. हो, सगळं घेतलं, बोळकं धुवून टाकलं. आणि विजयकरीण काल सकाळीच येऊन खिडकीतलं घेऊन गेली होती.

उर्मिला पाटावर बसली. तिला आधी काही कळलंच नाही, मग एकेक करून सगळं कळलं, जसं अंधारात भांड्यांवर हात फिरवत जावं. चाळीस वर्षं, फडकं, बोट, आजी. ते सगळं आता समोरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, विजयकरांच्या स्वयंपाकघरात होतं. आणि जगात दुसरीकडे कुठंच नव्हतं. दिवसभर ती वाडीभर फिरली, पोराला कडेवर घेऊन, जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात. कुणाकडे आहे का अण्णांच्या दुकानातलं लावलेलं? सगळ्यांना त्या दह्याची आठवण होती. फार सुरेख आठवण होती. दही कुणाकडेच नव्हतं. शेवटी तिनं अण्णांना सांगितलं की बिघडलं, एवढंच, आणि डेअरीतलं आणून गाडगं लावू का विचारलं. अण्णांनी पताकांकडे बघितलं. मग म्हणाले, दही लागेल गं कशानंही. पण ते नेऊन मी माझा नमुना म्हणून कसा ठेवू? आणि पत्राची घडी घालून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून बाहेरच्या खिशात ठेवली, उद्या जायचं नसल्यासारखी.

म्हणून ती निघाली. निघेपर्यंत दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला घरातून विरजण देत नाहीत, हे तिला माहीत होतं, मागणारीलाही ते शोभत नाही हेही. पण रात्री गाडगं लावलं नाही तर सकाळी लागणार नव्हतं. रिकामं बोळकं पदराखाली धरून ती समोरचे जिने चढली. प्रत्येक पायरीला तिला वाटत होतं की हा जिना आपण तीन आठवडे वरून बघितलाय आणि तरी त्याला किती पायऱ्या आहेत ते आपल्याला माहीत नव्हतं.

काकू नुकत्या देवापुढे निरांजन लावून बाहेर येत होत्या. उर्मिलेला बघून त्यांचा चेहरा इतका उजळला की तिला खाली बघावं लागलं. लागलं गं, त्या म्हणाल्या, ये बघ, काल लावलं ते आज अस्सं लागलंय, तीन आठवड्यांनी. आणि आत विजयकर पाटावर बसले होते, बनियनमध्ये, पुढ्यात ताकभात. कोपऱ्यात पातेलं होतं, वर ताटली. ताटली जराशी सरकलेली आणि आत ते, गुळगुळीत, पांढरं, एका बाजूनं कापल्यासारखं, कापलेल्या जागी भिंत उभी. तिचं दही. तिला ते माणसासारखं ओळखू आलं.

तिनं बोळकं पुढे केलं आणि विरजण मागितलं. आमचं बिघडलं, म्हणाली. काकूंचा हात पुढे आला आणि थांबला. दिवा लागला गं आत्ताच, त्या कुजबुजल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, असं करते, देत नाही, उंबऱ्याबाहेर ठेवते. तू उचलून ने. हातानं दिलं नाही म्हणजे झालं. बोळकं भरून त्यांनी ते उंबऱ्याच्या पलीकडे फरशीवर ठेवलं आणि हात मागे घेतला.

उर्मिला वाकली. विजयकरांच्या दारात, त्यांच्या चपलांच्या शेजारी, दोन्ही गुडघे वाकवून. बोळकं गार होतं. दोन्ही हातांनी उचलून तिनं ते छातीशी धरलं. आता गप्प बसून जिना उतरायचा, एवढंच बाकी होतं.

आतून विजयकर म्हणाले, ‘‘अण्णांना सांगा, दही उत्तम. मी तेव्हाही म्हणत होतो, दही उत्तमच आहे. गाडगी तेवढी बदलायला हवी होती त्यांनी.’’

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. त्यात राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. बोटं चाटून ते पुढचा घास कालवत होते. तिला अकरा गाडगी ऐकू आली, एकामागून एक.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘तीन आठवडे तुमचं दही लागत नव्हतं ना, ते काकूंच्या हातामुळे नाही. मी विरजण उकळत्या पाण्यात धरून मारून देत होते. दर वेळी. मुद्दाम.’’

घास वाटेतच थांबला. काकूंनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे. विजयकरांनी ताट हळूच लांब सारलं, बोटभर, मग हातभर. मग यात काय घातलंयस, असं ते विचारणार हे उर्मिलेला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. कालचं जिवंत होतं, तेवढंच एक जिवंत होतं, हे एक वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. ते तिनं गिळलं आणि जिना उतरली. पायऱ्या चोवीस होत्या.

गाडगं रात्री तिनंच लावलं. दूध कोमट आहे का ते करंगळीनं तीनदा बघितलं. पहाटे उठून कापलं तर सुरी बाहेर आली ती स्वच्छ. अण्णांनी गाडग्यावर वाकून वास घेतला आणि काही न विचारता तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोट चढवला. पत्र आतल्या खिशात गेलं. रमाबाईंनी गाडग्याला धुतलेला पंचा बांधून दिला आणि म्हणाल्या, या हो घेऊन ओटा, आम्ही आहोत की घरी. त्यांनी संकोचाचं काही काढलं नाही.

साडेनवाच्या सुमाराला समोरच्या जिन्यातून काकू खाली आल्या. हातात पातेलं. उर्मिला गॅलरीत हेरंबला घेऊन उभी होती, शेजारी अण्णा, गाडगं काखेत. काकूंनी वर बघितलं नाही. गटाराशी वाकल्या आणि पातेलं कललं. आधी तुकडा घसरला. मग गडगडला. मग सगळं पांढरं एकदम सुटलं आणि पताकांच्या सावलीखालून वाहत निघालं, गल्लीच्या तोंडाकडे, जिथं पूर्वी दुकान होतं. काकूंनी रिकामं पातेलं तिथंच नळाखाली धरलं आणि ते घासत राहिल्या, निघालं तरी घासत राहिल्या.

बरं वाटलं. उर्मिलेला खरोखर बरं वाटलं, पायाच्या तळव्यांपासून वर चढत आलं ते. त्यांनीच ओतलं. त्यांच्या हातानं, त्यांच्या दारात, चांगलं, जिवंत. आता ते एवढंच उरलं होतं, अण्णांच्या काखेतलं.

अण्णा कठड्यावरून वाकून बघत होते. त्यांचे डोळे अधू, पण दह्याचा तुकडा कसा पडतो ते त्यांना दिसायला डोळे लागत नसत.

‘‘ओतलं कुणी हे?’’ ते म्हणाले. ‘‘चांगलं लागलं होतं की.’’

अण्णा तिच्याकडे वळले. किती वेळ बघत होते कोण जाणे, तिनं मान वर केली नाही. मग ते जिना उतरले. खाली त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, गाडगं उंच धरलं आणि त्या पांढऱ्याच्या कडेकडेनं, कुठंही पाय न पडू देता, ते गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. नळापाशी काकू होत्या. त्यांच्याजवळ ते थांबले, काहीतरी म्हणाले. सावकाश, असं असेल. काकूंचा घासणारा हात थांबला. हेरंबनं कठड्याचे गज दोन्ही मुठींत धरले आणि आईच्या कडेवरून उतरण्यासाठी अंग ताठ केलं. तो उभा राहायला बघत होता. उर्मिलेनं त्याला सोडलं नाही.